प्रोस्टेटचा कॅन्सर खरंच वाढलाय का?



गेल्या दिवाळीच्या आधी मला एक फोन आला. आमच्या पलटणीचे सुभेदार मेजर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गावी शेती बघतात. फौजेत आम्ही ऑफिसर मंडळी जेसीओंना 'साहेब' म्हणतो, तीच सवय अजून आहे. मी विचारलं, "काय साहेब, तब्येत कशी आहे?" तर म्हणाले, "सर, वर्षभर कंबर धरली होती. म्हटलं, वय झालं. मलम झालं, शेक झाला, हाडवैद्यही झाला. शेवटी पोरानं शहरात नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणतात. हाडात उतरलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पण लघवीचा मला कधी काही त्रासच नव्हता, सर."

त्यांचं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येऊ.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात वडोदऱ्याच्या एका दर्शकांचा प्रश्न आला होता : "हल्ली ज्याला-त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो. आमच्या वडिलांच्या पिढीत हे नावही ऐकलं नव्हतं. हा रोग इतका वाढला कसा?" प्रश्न साधा दिसतो. मी डॉक्टर नाही, पण रिकामा वेळ भरपूर आहे आणि आकडे वाचायची खोड आहे. वाचत गेलो आणि लक्षात आलं, की या रोगाचे आकडे जगातल्या सगळ्यात फसव्या आकड्यांपैकी आहेत. का, ते सांगायला मला आधी नियंत्रण रेषेवर जावं लागेल.

आमच्या ठाण्यावर पहिल्यांदा थर्मल इमेजर आला, म्हणजे अंधारात शरीराची उष्णता दाखवणारी दुर्बीण, तेव्हा पहिल्या महिन्यात 'हालचाल दिसली' अशा नोंदी कितीतरी पटींनी वाढल्या. वरून विचारणा : तुमच्या भागात घुसखोरी एकदम वाढली कशी? घुसखोरी तेवढीच होती, साहेब, आता दिसायला लागलं होतं. आणि जे दिसत होतं त्यातली बरीचशी रानडुकरं होती. पण ट्रिगरवर बोट असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला रात्री दोन वाजता डुक्कर आणि माणूस यातला फरक कसा कळायचा? प्रोस्टेट कॅन्सरचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे थोडक्यात हीच गोष्ट आहे.

आता ग्रंथीकडे येऊ. प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ती बहुतेक पुरुषांत फुगते. ही वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात, नळीच्या भोवती होते, म्हणून नळी दाबली जाते. धार बारीक होते, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, गुदाशयाच्या बाजूला सुरू होतो. तिथे तो कितीतरी काळ नळीला धक्काही लावत नाही. म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात. गाठ त्या बाजूला हाताला लागू शकते. आणि म्हणूनच सुभेदार मेजर साहेबांना लघवीचा त्रास नव्हता. आपल्याकडे सगळे म्हणतात, "लघवी मोकळी होते ना, मग प्रोस्टेट ठीक आहे." हा समज चुकीचा आहे. लघवीची तक्रार असलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो आणि सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांना काहीच तक्रार नसते.

दुसरी गोष्ट आणखी विचित्र आहे. वेगळ्याच कारणाने मेलेल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना फार पूर्वीपासून प्रोस्टेटमध्ये कॅन्सरचे बारीक पुंजके सापडत आले आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांत तर तिघांपैकी एकाच्या आसपास. त्यांना ते कधी कळलं नव्हतं आणि त्यामुळे ते मेलेही नव्हते. म्हणजे वडोदऱ्याच्या आपल्या दर्शकांच्या वडिलांच्या पिढीतही हा रोग होता. काहींना तो घेऊनही गेला असेल, "म्हातारपणाने गेले" या नावाखाली. बऱ्याच जणांबरोबर तो गुपचूप राहिला आणि त्यांच्याबरोबरच चितेवर गेला.

हा कॅन्सर दोन जातींचा आहे असं समजा : एक गोगलगाय आणि एक चित्ता. खरं तर मधल्या अनेक पायऱ्या आहेत. त्या मोजायची पद्धत १९६०च्या दशकात डोनाल्ड ग्लीसन यांनी घालून दिली. ते अमेरिकेत मिनियापोलिसला माजी सैनिकांच्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होते. त्या म्हाताऱ्या फौजी लोकांच्या प्रोस्टेटचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पेशींची रचना किती बिघडली आहे त्यावर त्यांनी गुण ठरवले. आजही बायॉप्सीच्या रिपोर्टवर ग्लीसन ३+३ = ६ किंवा ४+५ = ९ असं लिहून येतं ते त्यांच्याच नावाने. सहा म्हणजे गोगलगाय. नऊ-दहा म्हणजे चित्ता. सहाला कॅन्सर म्हणावं की नाही, यावरच आता डॉक्टरांत वाद चालू आहे.

मग आला आमचा थर्मल इमेजर : पीएसए ही रक्ताची तपासणी. प्रोस्टेट एक प्रथिन तयार करते, त्याचं थोडं प्रमाण रक्तात उतरतं. कॅन्सर असेल तर ते वाढतं. पण ग्रंथी नुसती फुगली तरी वाढतं, जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं, नळी घातली तरी वाढतं. पीएसए म्हणजे प्रोस्टेटची खबर, कॅन्सरची नव्हे. अमेरिकेत १९८६ साली या तपासणीला मंजुरी मिळाली ती ज्यांना कॅन्सर आहे हे ठाऊक आहे अशांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मंजुरी मिळाली १९९४ साली. पण डॉक्टर आणि जनता त्या मंजुरीची वाट बघत बसले नाहीत. निरोगी माणसांची सर्रास तपासणी सुरू झाली.

आकडा काय झाला बघा. १९८६च्या सुमारास अमेरिकेत दर लाख पुरुषांमागे वर्षाला १२०च्या आसपास नवे रुग्ण सापडत होते. १९९२ साली ते २३७ झाले. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! कुठलाही कॅन्सर सहा वर्षांत खरोखर दुप्पट होत नाही. रोगाचं पीक इतक्या घाईने येत नसतं. वाढली होती ती गस्त. त्यानंतर आकडा खाली आला, कारण साठलेला माल एकदा बाहेर काढल्यावर उरतो तो दरवर्षीचा नवा.

त्याच लाटेत आमच्या पेशातलं एक मोठं नाव सापडलं. आखाती युद्धात बहुराष्ट्रीय फौजांचं नेतृत्व करणारे जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ. १९९४ साली त्यांच्यावर प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. पुढे ते या विषयावर उघडपणे बोलत राहिले आणि पुरुषांना तपासणी करून घ्यायला सांगत राहिले. चार तारे असलेला सेनापती गुदद्वाराच्या तपासणीबद्दल जाहीरपणे बोलतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. आमच्या मेसमध्ये गोळ्या लागलेल्या जागा दाखवणारे खूप होते. या जागेबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

पण गस्तीची किंमत मोजावी लागतेच. माझ्या एका कोर्समेटचं उदाहरण सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने हौसेने 'फुल बॉडी पॅकेज' करून घेतलं. पीएसए थोडा जास्त आला. बायॉप्सी झाली, ग्लीसन ६ निघाला. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात रडारड, आणि पंधरा दिवसांत ग्रंथी काढूनही टाकली. आज त्याला खोकला आला की लघवी गळते. बाहेर पडताना पॅड लावतो. बाकीचं जे गेलं त्याबद्दल तो बोलत नाही; मीही विचारत नाही. तो मला म्हणतो, "जीव तर वाचला." वाचला का? त्याची ती गोगलगाय त्याच्या नव्वदीपर्यंत तशीच राहिली असती का? त्याच्या बाबतीत हे आता कोणीच सांगू शकत नाही, आणि हीच तर गोम आहे. एकेकट्या माणसाकडे बघून उत्तर मिळत नाही. हजारोंच्या झुंडी वर्षानुवर्षं बघाव्या लागतात.

तशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००९ साली एकाच वेळी आले आणि एकमेकांच्या उलट आले. युरोपातल्या चाचणीत १ लाख ८२ हजार पुरुष होते. पीएसए तपासणीला बोलावलेल्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे ७६ हजार पुरुष होते. तिथे काहीच फरक दिसला नाही. पुढे उलगडा झाला, की अमेरिकेत ज्यांची तपासणी करायची नाही असं ठरलं होतं, त्यातल्या बहुतेकांनी ती बाहेरून कधी ना कधी करून घेतलीच होती. दोन्ही बाजूंना सारखीच गस्त असेल तर फरक दिसणार कुठून?

युरोपचा निकाल अनुकूल असला तरी किंमत जड होती. नऊ वर्षांच्या हिशेबात एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांची तपासणी आणि ४८ जादा माणसांवर उपचार. ४८ माझ्या कोर्समेटसारखे, आणि एक वाचलेला. पीएसएचं मूळ प्रथिन १९७०मध्ये शोधणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१०मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून या सरसकट तपासणीवर कडक टीका केली. २०१२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवांच्या तज्ज्ञमंडळाने सांगून टाकलं, की निरोगी पुरुषांची पीएसए तपासणी करूच नका. कोणत्याच वयात.

मंडळी, दुर्बिणीत डुकरं दिसतात म्हणून दुर्बीण पेटीत बंद करणं, हा तो निर्णय होता. नव्या रुग्णांचा आकडा अर्थातच घसरला. सगळ्यांना बरं वाटलं. पण २०१४ नंतर तो पुन्हा वर चढू लागला, दरवर्षी सरासरी ३ टक्क्यांनी. या वेळची वाढ वेगळी आहे. १९९२ला वाढल्या होत्या मुख्यतः सुरुवातीच्या अवस्थेतल्या केसेस. आता दूरवर पसरलेला, हाडात उतरलेला रोग घेऊन येणारे वाढताहेत. ही खरी घुसखोरी. १९९०च्या दशकापासून अमेरिकेतला मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आला होता (यात सुधारलेल्या उपचारांचाही वाटा आहे), ती घसरणही मंदावली. २०१८मध्ये त्या मंडळाने माघार घेतली : ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा; सत्तरीनंतर नको.

या सत्तरीच्या रेषेचं एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं. मे २०२५मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन यांना, वयाच्या ८२व्या वर्षी, ग्लीसन ९चा आणि हाडात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. त्यांच्या कार्यालयाने सांगितलं, की त्यांची शेवटची ज्ञात पीएसए तपासणी २०१४ साली झाली होती. त्यांच्याकडे डॉक्टरांचा तोटा नव्हता. नियमानुसार सत्तरीनंतर तपासणी लागत नव्हती, एवढंच. ती केली असती तर काय झालं असतं, हे सांगणं कोणाच्या हातात नाही. पण नियम झुंडीसाठी असतो आणि चित्ता एकट्याला गाठतो.

या सगळ्या काळात एक चांगली गोष्ट घडली, आणि माझ्या मते मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दुर्बिणीत काही दिसलं की लगेच गोळी झाडायची, ही पद्धत बदलली. आता पीएसए जास्त आला तर आधी तो पुन्हा करतात. मग एमआरआय. २०१८च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की आधी एमआरआय केला तर अनेकांची बायॉप्सी टळते, धोकादायक कॅन्सर जास्त सापडतात आणि निरुपद्रवी कमी. आणि गोगलगाय सापडलीच तर कापायची नाही, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायची : ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, गरज पडल्यास पुन्हा बायॉप्सी. लक्षण बदललं तरच उपचार. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांचे तीन गट करून एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार आणि तिसऱ्यावर नुसती पाळत असं केलं. पंधरा वर्षांनी, २०२३मध्ये निकाल आला : प्रोस्टेट कॅन्सरने न मेलेले शंभरात ९७, तिन्ही गटांत जवळपास सारखेच. युरोपची ती जुनी चाचणीही चालूच होती. २३ वर्षांच्या हिशेबात एका मृत्यूमागे जादा निदानांचा आकडा ४८वरून १२वर आला. रोग इतका संथ, की त्याचा हिशेब नऊ वर्षांत मांडायलाच नको होता.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि खेड्यांसाठीची पहिली १९८७ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला. पुढे आयसीएमआरने देशभर जाळं विणलं. या नोंदींत प्रोस्टेटचा आकडा शहरांत हळूहळू पण सतत चढताना दिसतो. दिल्लीत तो लाखामागे दहा-बाराच्या घरात गेला आहे; दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कॅन्सरमध्ये त्याने दुसरा क्रमांक गाठल्याचं नोंदलं गेलं. बार्शीसारख्या ग्रामीण भागात तो अगदीच कमी.

शहरातला माणूस जास्त आजारी आणि खेड्यातला ठणठणीत, असा याचा अर्थ लावायला मन धावतं. थोडं खरंही असेल. खाणंपिणं, वजन, बैठं काम. पण शहरात पॅथॉलॉजी लॅब कोपऱ्याकोपऱ्यावर आहे आणि खेड्यात युरॉलॉजिस्टच नाही, हेही तेवढंच खरं. त्यात वयाचा मुद्दा सगळ्यात मोठा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचं सरासरी आयुर्मान होतं ३२च्या आसपास, आज सत्तर. हा म्हातारपणाचा रोग आहे. त्याला पोचायला आपण आता कुठे जगायला लागलोय. २०२४मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने अंदाज दिला, की जगभरातले वर्षाचे नवे रुग्ण २०२०च्या १४ लाखांवरून २०४०पर्यंत २९ लाख होतील, आणि वाढीचा मोठा भाग आपल्यासारख्या देशांत असेल. त्यात फसवी गस्त कमी आणि पांढरे केस जास्त.

एक तुलना मला झोपू देत नाही. २०२०च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे साडेचौतीस हजार नवे रुग्ण, आणि मृत्यू सुमारे सोळा हजार आठशे. म्हणजे दोन निदानांमागे एक मृत्यू. अमेरिकेत २०२५चा अंदाज : नवे ३ लाख १३ हजार, मृत्यू पस्तीस हजारांच्या वर. नवामागे एक. आता इतकं सगळं ऐकल्यावर तुम्ही लगेच म्हणाल, की अमेरिकेच्या भाजकात गोगलगायी भरल्यात, त्यामुळे त्यांचं चित्र वाजवीपेक्षा गोड दिसतं. बरोबर! आणि आपल्याकडे डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून दिलेले मृत्यू पाचात एकाच्या आसपास, तेव्हा आपला मृत्यूचा आकडाही कच्चाच. तरी एवढं खात्रीने म्हणता येतं : त्यांनी गोगलगायी मोजल्या, आपण चित्ते मोजतोय, तेही घरात शिरल्यावर.

सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. हे योग्यच आहे. आपल्याकडे त्यांनी जाणारे जीव जास्त आहेत आणि पैसा मर्यादित. सत्तर कोटी पुरुषांचा पीएसए करा, असं मी म्हणणार नाही. पण फौजेत होतो तेव्हा ठरलेल्या दिवशी मेडिकलला उभं राहावंच लागे. निवृत्तीनंतर कोणी बोलावत नाही. तेव्हा स्वतःच स्वतःला हुकूम द्यायचा.

मी दिला. सुभेदार मेजर साहेबांच्या फोननंतर मी वयाच्या ६४व्या वर्षी पहिल्यांदा पीएसए केला. ५.१ आला; माझ्या लॅबच्या कागदावर मर्यादा ४ होती. ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. ४ ते १० या टप्प्यात बायॉप्सी केलेल्या चौघांपैकी तिघांना कॅन्सर नसतो, हे मला पाठ होतं. रात्री दोन वाजता पाठांतर उपयोगी पडत नाही. युरॉलॉजिस्टांनी पहिला प्रश्न विचारला, "सायकल चालवता का?" आदल्या दिवशी चाळीस किलोमीटर मारली होती. त्यानेच वाढला असं ते ठामपणे म्हणाले नाहीत, पण दीड महिन्याने, आधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळून, पुन्हा करायला सांगितला. ३.४ आला. बोटाने तपासणी केली, अर्ध्या मिनिटाचं काम. आता वर्षाने पुन्हा.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली जी तुम्हीही डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी. ग्रंथी लहान करायची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधं चालू असतील, तर पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. कागदावर ३ म्हणजे खरा ६. केस गळू नयेत म्हणून हीच फिनास्टेराइड कमी डोसात घेणारी तरुण मंडळीही पुढे हे विसरतात.

साधारण पन्नाशी ते सत्तरी या वयात एकदा डॉक्टरांशी बसून बोला. वडील किंवा भाऊ यांना हा रोग झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो. त्यांनी पंचेचाळिशीपासून विचार करावा. घरात बायकांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. एकच बिघडलेला जनुक दोन्हीकडे काम करू शकतो. तपासणी नको असं विचारपूर्वक ठरवलंत तरी हरकत नाही. लाजेपोटी टाळू नका.

सुभेदार मेजर साहेबांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, पुरुषी संप्रेरक बंद करणारं. हा उपाय चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवला, त्यावर १९६६चं नोबेल मिळालं, आणि आजही पसरलेल्या रोगावरचा पाया तोच आहे. सोबत नव्या गोळ्या आहेत. कंबर बरीच कमी दुखते. मार्चमध्ये मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर बसून हरभरा सोलत होते. त्यांचा मोठा मुलगा ४७ वर्षांचा, तालुक्याला दुकान चालवतो. मी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला काही होत नाहीये." साहेबांनी हरभऱ्यातून मान वर केली आणि परेड ग्राउंडवरच्या त्याच आवाजात म्हणाले, "मला पण होत नव्हतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने रक्त दिलं. रिपोर्ट १.१ आहे.